मुक्काम पोस्ट

अपील लिहायला बसले
आणि सवयीनं हात वर उजव्या कोपऱ्यात गेला:
मु. पो. डेव्हनपोर्ट.
मृण्मयी म्हणाली, आई, हे कसलं शॉर्टफॉर्म?
काय सांगू.
मुक्काम म्हणजे खरं तर चार रात्रींचा,
पण आम्ही जन्मभराच्या घरालाही तेच म्हणत आलो.

नदीपलीकडं, मोलीनला, अकरा वर्षं काढली.
मग ट्रॅक्टरच्या कारखान्यानं ह्यांना घरी बसवलं
आणि अलीकडच्या गोदामानं बोलावलं.
डेलरॉयच्या पिकअपमधून चार फेऱ्या,
पुलावर मिक्सरचं भांडं मांडीत धरून मी.
खाली मिसिसिपी.
सगळ्या देशातून दक्षिणेला जाणारी ती
नेमकी इथं पश्चिमेला वळते.
तिला कुणी हेतू विचारत नाही.

तारीख तीन सप्टेंबर.
कॉलेज सुरू होणार पंचवीस ऑगस्टला.
वर्ष भरायला नऊ दिवस कमी.
घट बसून उठावेत एवढाच काळ,
आणि त्याचे तेरा हजार डॉलर.

जोडलं: वीजबिल, भाडेकरार, दोघांची लायसन्स,
गाडीची नवी नंबरप्लेट, राज्याला भरलेला कर,
दाढ काढल्याची पावती.
जोडता आलं नाही:
फेब्रुवारीत पायऱ्यांवर टाकलेलं मीठ,
बेसमेंटमधून बादलीनं उपसलेलं पाणी,
आणि शेजारच्या व्हॅन होर्नबाईंचा कुत्रा,
जो आता आमच्यावर भुंकत नाही.

कलम सहा:
या राज्यात येण्याचा मुख्य हेतू शिक्षण होता का?
'होय' वर खूण केली की तुम्ही बाहेरचे.

मी पेन खाली ठेवलं.
माझे वडील पोस्टात सॉर्टर.
माझ्या आठवीसाठी त्यांनी बदली मागून घेतली,
बढती सोडून, साताऱ्याला.
आमच्यात गाव बदलायचं ते शाळेसाठीच.
अख्ख्या घराण्याच्या डोक्यावर जो हेतू मिरवला
तो आज लपवायचा,
तोही लेकीच्या शिक्षणासाठी.
'नाही' वर खूण केली.
खरंच होतं ते. तरी हात चोरटा झाला.

सुनावणीला तिघं होती.
मधल्या डोरीन हॉकिन्सन, गळ्यात चष्मा, आवाज मऊ.
नियम वाचताना दोनदा सॉरी म्हणाल्या.
मी पाठ केलेलं सगळं बोलले,
गोदामाचं पत्र पुढं सरकवलं.
मग त्यांनी हिच्याकडं पाहिलं. तुला काही सांगायचंय?

मृण्मयी नखाशी चाळा करत होती.
म्हणाली, मला शिकागोला जायचं होतं.
प्रवेश मिळाला होता. घरी सांगितलं नाही.
बाबांची नोकरी नवी, म्हणून नाही म्हणून कळवलं.
मी इथं शिकायला आले नाही.
इथं राहते, म्हणून इथं शिकतेय.

ह्यांनी खिडकीकडं तोंड केलं.
बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी बॅटरीला वायर लावत होतं,
ते फार लक्षपूर्वक पाहिलं त्यांनी.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही.
सिग्नलला मी एवढंच विचारलं,
ते पत्र कुठं ठेवलंस?
म्हणाली, पत्र नव्हतं. ईमेल होती. पुसली.

बावीस दिवसांनी उत्तर आलं.
या सत्रासाठी अनिवासी.
जानेवारीपासून निवासी.
खाली सही, सहीखाली शुभेच्छा.

अर्धं जिंकलो म्हणायचं की अर्धं हरलो,
ह्यांनी कॅल्क्युलेटर काढला.
मी पाकीट उलटंपालटं करत राहिले.
वडील म्हणायचे,
पत्र पोचलं म्हणजे माणूस तिथं आहे.
नुसतं 'पिंपळाजवळ, शिंप्याच्या माडीवर'
एवढ्यावरून माणूस हुडकायचे ते.

इथं तर सगळं होतं.
नाव, घर नंबर, रस्ता, शहर, राज्य, पिन.
एक अक्षर चुकलं नव्हतं.
तुम्ही इथं राहत नाही,
हे सांगणारं पत्र
सरळ आमच्या दारात आलं होतं.